माझे डोळे आलेले नाहीत, पुढे आलेत

मला फक्त एक बेसिन हवं होतं. साधं, पांढरं, वर नळ, शेजारी ताटाएवढी सपाट जागा आणि या सगळ्याला आतून कडी लागेल असं एक दार. एवढ्याशा मागणीपायी माझ्यावर चेटकाचा आळ आला, माझ्या नावाने सामुदायिक प्रार्थना झाली, आमच्या टाकोराडी शहराच्या बाजारातले काळे चष्मे एका सकाळीत संपले आणि आमच्या कारखान्याला कुलूप लागता लागता राहिलं. माझी बायको अराबा म्हणते, या सगळ्याला माझा स्वभाव जबाबदार आहे. मी म्हणतो, नळ जबाबदार आहे.

मी कोबिना एशुन, मॅडम ड्वामेनांच्या शितोच्या कारखान्यात तळणीखात्याचा सुपरवायझर. वाळवलेली मासळी, सुकट, आलं आणि भरपूर मिरची तेलात काळीभोर होईस्तोवर परतायची, की झाला शितो. आमच्याकडे वसतिगृहात निघालेल्या मुलाच्या ट्रंकेत पुस्तकं नसली तरी चालतात, शितोची बाटली लागते. आमच्या खात्यात माणूस मावेल एवढाल्या कढया आहेत आणि वर पंखे असे घरघरतात की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून मी चौथऱ्यावर उभा राहून हातांनीच हुकूम देतो. तळवा खाली केला की आच कमी. मूठ वळली की ढवळणं बंद. दोन्ही हात डोक्यावर गेले की कढई उतरवा. बायका माझ्या हातांकडे बघतात आणि मी तेलाच्या रंगाकडे. काळा शितो आणि करपलेला शितो यांतला फरक डोळ्यांनीच कळतो, आणि तो कळण्याचाच मला पगार मिळतो.

नेमका डोळ्यांनीच दगा दिला. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, तो माझ्या बाबतीत पातळ होत होत टोकदार होऊन पुढे आला. याचं डॉक्टरी नाव एवढं लांब आहे की ते उच्चारून होईपर्यंत ऐकणारा निघून जातो. मला एका दिव्याचे सहा दिवे दिसायचे आणि एका मॅडमच्या सहा मॅडम. तो काळ फार वाईट गेला. चष्म्याने काही उपयोग होईना. शेवटी केप कोस्टच्या डॉक्टरीणबाईंनी मला मोठ्या, कडक लेन्स करून दिल्या.

त्या पहिल्यांदा घातल्या तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून चक्क ओरडलो. झाडाची पानं सुटी सुटी होती! ट्रोट्रोच्या, म्हणजे आमच्या खटारा मिनीबसच्या, मागच्या काचेवर रंगवलेलं बायबलचं वचन वाचता येत होतं! विजेच्या तारेवरचा पक्षी एकटा होता! घरी येऊन अराबाकडे बघितलं आणि म्हणालो, "अगं, तुझ्या गालावर तीळ आहे!"

"मुलं कॉलेजात गेली," अराबा म्हणाली, "आणि तीळ आज दिसला? मग इतकी वर्षं कोणाकडे बघत होतास?"

आता या लेन्सची तऱ्हा ऐका. ती डोळ्यात नुसती ठेवून चालत नाही. वाटीसारखी बोटांवर धरायची, औषधी पाण्याने काठोकाठ भरायची, आरसा आडवा ठेवून त्याच्यावर पार ओणवं व्हायचं आणि डोळाच त्या वाटीत बुडवायचा. काढायला इवलासा रबरी पंप असतो. बरं, एकदा घातली की दिवस निभावला असंही नाही. दुपार झाली की आतल्या पाण्यात धुकं जमतं, मग ती काढा, धुवा, भरा आणि पुन्हा घाला. हे सगळं निर्मळ हातांनी. डॉक्टरीणबाईंनी बोट नाचवून बजावलं होतं, "हात, मिस्टर एशुन, हात!"

आमच्या कारखान्यात हात धुवायला एकच नळ, आणि मिरची निवडणाऱ्या बायकाही तिथेच हात धुतात. मी पहिल्या दुपारी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरने बघत राहावं असे धुतले. आणि मग त्याच स्वच्छ बोटांनी नळ बंद केला. त्या नळावर सकाळपासूनची सगळी मिरची बसलेली होती. पुढचं मला एवढंच आठवतं की मी एका पायावर नाचत होतो आणि कोणीतरी पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या दातांनी फोडून माझ्या तोंडावर मारत होतं.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. आमच्या अंगणाभोवती जेवढी बिऱ्हाडं आहेत तेवढे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्यात मुख्य म्हणजे वोफा आतो. वोफा म्हणजे मामा. ते माझे मामा नाहीत, पण ज्यांचा सल्ला चुकवता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? सेकोंडीच्या रेल्वेत सिग्नल दाखवण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे डोळा हा विषय ते स्वतःचा समजतात.

"पहाटे समुद्रात शिरायचं आणि पाण्याखाली डोळे उघडायचे," वोफा म्हणाले. "मी रोज करायचो. नोकरीत एक गाडी चुकली नाही माझी!"

"वोफा, शेवटी शेवटी गाडी येत तरी होती का?" अराबाने विचारलं.

वोफांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तेवढ्यात समोरच्या खोलीतली बाळंतीण अंगावरचं दूध वाटीत घेऊन आली. "दोन थेंब सोडा डोळ्यात, मिस्टर एशुन. त्यात लाजायचं काय?" मी अत्यंत सभ्यपणे नकार दिला. एवढं दूध वाया जाऊ नये म्हणून वोफांनी ते स्वतःच्या डोळ्यांत घालून घेतलं, आणि फार थंड वाटतंय असं अंगणभर सांगत फिरले.

दुसऱ्या दिवसापासून मी गोदामाचा आसरा घेतला. सुक्या मासळीच्या पोत्यांमागे एक खोकं, त्यावर घरचा आरसा, शेजारी बाटलीतलं पाणी. बाकीचे केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि मासे खायला बसले की मी गुपचूप तिकडे सटकायचो. अंगाला वास यायचा, पण दिसत होतं! मला कामात लेन्सशी बोलायची सवय आहे. एका दुपारी मी असाच आरशावर ओणवा होऊन, बोटांवर पाणी धरून, "ये गं माझे राणी, ये, नीट बस" अशी विनवणी करत होतो, तोच मागून किंकाळी आली. आँटी एकुआ आल्याचं पोतं न्यायला आली होती. ही आमच्या कढयांवरची मुकादमीण. हिचा आवाज पंख्यांनाही ऐकू जातो.

तिने काय पाहिलं ते संपूर्ण कारखान्याने ऐकलं. मिस्टर एशुन अंधारात आरशापुढे लोटांगण घालतात, पाणी वाहतात, कोणा राणीला हाका मारतात आणि मग स्वतःचा डोळा काढून हातावर घेतात.

मॅडम ड्वामेनांचं बोलावणं लगेच आलं. मॅडमनी परसातल्या एका पातेल्यापासून हा धंदा उभा केला. प्रार्थना आणि तेलाची आच, या दोन गोष्टींत त्या हयगय चालू देत नाहीत.

"मिस्टर एशुन, तुम्ही डोळा काढता म्हणे?"

"डोळा नाही मॅडम, लेन्स."

"आणि ती राणी कोण?"

"तीही लेन्सच, मॅडम."

मी खिशातून पंप काढून दाखवला, पडदा कसा पुढे आलाय ते हाताच्या पंजाने करून दाखवलं, धुकं समजावलं, नळाची हकीकत सांगितली आणि सगळ्याच्या शेवटी बेसिन मागितलं. मॅडम मनाने चांगल्या आहेत. "बेसिनचं काय एवढं?" त्या म्हणाल्या. "पण हा सेफ्टीचा विषय झाला. मिस्टर अमिस्सांना बोलवा."

इथे माझं नशीब फिरलं. फीफी अमिस्सा हा आमचा सेफ्टी ऑफिसर. कोवळा पोरगा, पण जेवतानाही पिवळं हेल्मेट उतरवत नाही आणि गळ्यात शिट्टी. नियम त्याला मुखोद्गत आहेत. तो छताकडे बघत म्हणाला, "मिरची, धूर आणि वाफ असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांना काँटॅक्ट लेन्सची मनाई आहे."

"मग मी चष्मा लावू?"

"चष्म्याने दिसतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग तळणीत उभं राहता येणार नाही. गेटवर जागा रिकामी आहे. तिथे खुर्ची मिळते."

गेट! ज्या माणसाने हात डोक्यावर नेले की अख्खी कढई उतरते, त्याने लॉरीवाल्यांना सलाम ठोकायचा! आणि लेन्स काढून बसवलं असतं तर एका लॉरीच्या सहा लॉऱ्या दिसल्या असत्या, ते वेगळंच. मला एवढा संताप आला की लेन्सच्या आत आधीच धुकं जमलं. मी म्हणालो, "मॅडम, मला नोकरीवरून काढा, पण गेटवर बसवू नका."

मॅडमनी तोड काढली. परदेशी माल पाठवण्याच्या परवान्यासाठी शुक्रवारी सरकारी तपासनीसबाई यायच्या होत्या. एशुन तळणीत राहणार की गेटवर जाणार, ते त्याच सांगतील. तोवर मी डोळ्यांना घट्ट बसणारा गॉगल लावायचा आणि लोकांनी माझ्या हातांना मिरची लागू द्यायची नाही. अमिस्साला हे फारसं पटलं नाही, पण त्याने शिट्टी वाजवली नाही.

कारखान्याच्या गॉगलला बाजूने भोकं होती, म्हणून अराबा मार्केट सर्कलला जाऊन पोहण्याचा गॉगल घेऊन आली. मोठ्यांचे संपले होते. तिने आणला तो गुलाबी होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हसरा मासा होता. "घट्ट बसतोय ना?" ती म्हणाली. घट्ट बसत होता. त्या दिवशी तळणीत बायका इतक्या हसल्या की कढयांतले झारे थांबले, आणि मूठ न वळता ढवळणं बंद झाल्याची ती पहिलीच वेळ.

हे मी सोसलं असतं. पण मिरचीचा बंदोबस्त राहिला होता. आमच्याकडे सकाळी कामावर आल्यावर प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि सोडता सोडता दोघांनी मिळून चुटकी वाजवायची, ही रीत. हात आखडला तो माणूस गर्विष्ठ. म्हणजे मी नळापासून वाचलो तरी तीस चुटक्यांमधून मिरची येणारच. यावर मॅडमनी स्वतःच उपाय केला. सकाळच्या प्रार्थनेत, सगळे डोळे मिटून उभे असताना, त्या मोठ्याने म्हणाल्या, "प्रभू, आमचे बंधू एशुन यांच्या डोळ्यांत बिघाड झाला आहे, त्यांच्यावर कृपा कर. आणि आजपासून कोणीही त्यांच्याशी हात मिळवायचा नाही."

सगळे "आमेन" म्हणाले आणि डोळे उघडून एक पाऊल मागे सरकले.

तुम्हाला यात काही गैर वाटणार नाही. कारण तुमच्याकडे अपोलो नाही. माणूस चंद्रावर उतरला त्याच सुमाराला आमच्या मुलखात डोळे येण्याची जबरदस्त साथ आली होती. लोकांनी ठरवून टाकलं की हे चंद्रावरून आलंय. यानाचं नाव अपोलो, म्हणून रोगाचं नाव अपोलो. आजही आमच्याकडे कोणाचे डोळे आले की त्याला 'अपोलो झाला' म्हणतात. अपोलो झालेल्याच्या हाताला हात लावायचा नाही आणि डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बिघडलेला डोळा आणि हात मिळवायची बंदी, एवढं ऐकल्यावर आणखी काय ऐकायचं राहिलं?

मी घसा फोडून सांगत होतो. "अहो, माझे डोळे आलेले नाहीत! पुढे आलेत!"

"बघा, वाढलंय," आँटी एकुआ दूरवरून म्हणाली. "आता पुढेही आले."

शुक्रवारी सकाळी सगळा कारखाना काळे चष्मे लावून आला. बायका, लॉरीवाले, हिशेबनीस, सगळे. प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा एखाद्या मोठ्या माणसाच्या अंत्ययात्रेला आल्यासारखे दिसत होते. मॅडमनी चष्मे काढायला सांगितले. लोकांनी मॅडम सांगतायत म्हणून काढले आणि मॅडमची पाठ वळल्यावर परत लावले. मला मात्र चिंता नव्हती. उलट मी भलत्याच उत्साहात होतो. आज तपासनीसबाई येणार, मी हाताच्या इशाऱ्यावर असा शितो उतरवून दाखवणार की गेटचं नाव निघायचं नाही!

मी गुलाबी गॉगल चढवला आणि चौथऱ्यावर उभा राहिलो. सगळ्यांत मोठ्या कढईवर आँटी एकुआ होती. तेल तापलं, मसाला पडला, रंग चढायला लागला. काय रंग होता तो! मला तेलावरचा एकेक बुडबुडा दिसत होता. रंग काळ्याकडे वळला आणि मी तळवा खाली केला.

आच कमी झाली नाही.

आँटी एकुआ भिंतीकडे तोंड करून ढवळत होती. तिच्या मागच्या बाया छताकडे बघत होत्या. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं, कारण बघितलं तर अपोलो! मी मूठ वळली. मी दोन्ही हात डोक्यावर नेले. मी चौथऱ्यावर उड्या मारल्या. एकीने चष्म्याच्या कडेतून चोरून पाहिलं आणि शेजारणीला कोपर मारलं. नंतर कळलं की ती म्हणाली होती, "बिचारा! आता मेंदूत शिरलं."

मी खाली उडी मारून धावलो, पण तोवर कढई करपली होती. मिरची करपते तेव्हा धूर नाही निघत, शिक्षा निघते. खोकत, शिंकत, एकमेकींच्या कपड्यांना धरून बायका अंगणात पळाल्या. काळे चष्मे भिरकावले गेले. मॅडम बाहेर आल्या, त्यांचेही डोळे टोमॅटोसारखे. अमिस्सा शिट्टी वाजवायला गेला, पण त्याला ती फुंकताच येईना. आणि त्याच घडीला गेट उघडलं आणि तपासनीसबाईंची गाडी आत शिरली.

मिसेस सार्पोंग गाडीतून उतरल्या आणि दाराला धरून तिथेच थबकल्या. समोर अख्खा कारखाना लालभडक, गळक्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होता.

"अरे देवा!" त्या म्हणाल्या. "अपोलो! आणि तुम्ही असे लोक घेऊन अन्न शिजवता? हा कारखाना आजच्या आज बंद! कोणापासून सुरू झालं हे?"

सगळी बोटं धुराच्या दिशेला वळली. गॅसचा कॉक बंद करून मी सगळ्यांत शेवटी बाहेर येत होतो, डोळ्यांवर दोन हसरे मासे घेऊन.

"तिथेच थांबा! गॉगल काढा."

मी काढला. बाईंनी मान पुढे केली. मग एक पाऊल पुढे आल्या, मग आणखी एक. उकडलेल्या अंड्यासारखे पांढरेस्वच्छ डोळे! त्या अंगणात कोरडे डोळे असलेला मी एकटाच होतो.

"यांना तर काहीच झालेलं नाही!"

"बाई, मी तेच सांगतोय!" मी ओरडलोच. "माझे डोळे आलेले नाहीत, पुढे आलेत! आणि यांचेही आलेले नाहीत, ही नुसती मिरची आहे! आणि ती करपली, कारण हे माझ्याकडे बघत नव्हते! आणि बघत नव्हते, कारण..." तिथून मी जो सुटलो तो पार नळापर्यंत मागे गेलो. सहा दिवे, पडदा, वाटी, धुकं, राणी, गेट, सगळं सांगितलं. मध्येच आँटी एकुआ रडत रडत हसायला लागली आणि तिला कोणी थांबवू शकेना.

मिसेस सार्पोंगनी शांतपणे ऐकलं. मग अमिस्साकडे वळल्या. "तुम्ही पाठ केलाय तो नियम फार जुना आहे. लेन्स घालणाऱ्याला हाकलायचं नसतं, त्याच्या डोळ्यांवर नीट झाकण द्यायचं असतं. तुमचे ते भोकांचे गॉगल आणि हे काळे चष्मे काय कामाचे, ते यांच्या डोळ्यांवरून दिसतंयच. या सगळ्यांना घट्ट गॉगल हवेत." मग मॅडमना म्हणाल्या, "आणि हे गृहस्थ लेन्स धुतात कुठे?"

मॅडमनी आँटी एकुआकडे बघितलं.

"माशांच्या मागे," आँटी एकुआ म्हणाली.

"बेसिन बसेपर्यंत चूल पेटवायची नाही," असं सांगून मिसेस सार्पोंग गाडीत बसल्या.

कारखाना उघडल्यापासून मॅडमच्या चुली विझल्या नव्हत्या. त्यामुळे प्लंबर त्याच दुपारी आला. आणि आमच्याकडे नवी वस्तू नुसती वापरायला काढत नाहीत, तिचं उद्घाटन होतं. फीत आली, पाद्री आले, संगमरवरी पाटी आली, आणि कोणी न बोलावता वोफा आतो कोट घालून आले आणि डोळ्यांचे जाणकार म्हणून भाषण करून गेले. मॅडमनी फीत कापून पहिले हात धुतले, मग पाद्रींनी, मग हिशेबनिसांनी, मग बायकांनी रांग लावून. माझा नंबर येईपर्यंत टाकीतलं पाणी संपलं. पण पाटीवर माझं नाव होतं! मी ते दुरूनसुद्धा वाचलं आणि मला इतका आनंद झाला की मी कोरड्याच हातांनी टाळ्या पिटल्या.

सोमवारी दुपारी मी पहिल्यांदा त्या खोलीत शिरलो, कडी लावली आणि मनसोक्त हात धुतले. लेन्स घालून आरशावरून मान वर केली, तोच दारावर टकटक झाली. दार उघडलं तर अमिस्सा. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याला केस आहेत हे मला तेव्हा कळलं.

"पाहणी," तो म्हणाला. त्याने नळ सोडून पाहिला, बंद केला. आरसा पुसला. कडी हलवून पाहिली. पाहणी संपली तरी तो जाईना. गेटबद्दल त्याला सुनावण्यासाठी माझ्याकडे चार-पाच उत्तम वाक्यं तयार होती, आणि मी सुरुवात करणार एवढ्यात तो छताकडे बघत म्हणाला, "ते तुमचे सहा दिवे, मिस्टर एशुन... आता खरंच एकच दिसतो?"

"एकच."

त्याने वरच्या दिव्याकडे बोट केलं. "मला चार दिसतात," तो म्हणाला. "शाळेपासून. कोणाला सांगितलं नाही. आंधळा सेफ्टी ऑफिसर कोण ठेवणार? तुम्हाला ठेवतील असं मला वाटलंच नव्हतं."

त्याचा आवाज शिट्टीवाल्याचा नव्हता, माझ्या मुलाच्या वयाच्या पोराचा होता. ती चार-पाच उत्तम वाक्यं मी टाकून दिली आणि दिव्याखाली त्याला जागा केली.

"दार लाव, फीफी," मी म्हणालो. "आणि असा इकडे, उजेडात ये."